हालाँग बे: बोटीवरची एक रात्र आणि चहूकडे नुसतं पांढरं

आधीच सांगून टाकतो, हालाँग बेचे ते सगळ्यांनी बघितलेले फोटो, हिरवंगार पाणी, त्यातून सरळसोट वर आलेले सुळके, वर निळं आकाश, तसलं मला काही दिसलेलं नाही. म्हणजे दिसलं, पण मोजून दहा मिनिटं, आणि तेव्हा माझे दोन्ही हात चिकट झालेले होते त्यामुळे त्याचाही फोटो नाही. ते पुढे येईलच.

मार्च २०२५. मी आणि माझा मामेभाऊ, पाठीवर एकेक सॅक, तीन आठवडे व्हिएतनाम. २५ डॉलरचा ई-व्हिसा, हानोईच्या ओल्ड क्वार्टरमध्ये आठ बेडच्या डॉर्ममध्ये दोन बेड. हालाँगला एक रात्र बोटीवर राहायचं हे आधीपासून ठरलं होतं पण बुकिंग तिथे जाऊन करू, स्वस्त पडेल, असं बंधुराजांचं मत. आता ओल्ड क्वार्टरमध्ये दर चार दुकानं सोडून एक ट्रॅव्हलवाला, आणि प्रत्येकाकडे तोच प्लॅस्टिक लावलेला अल्बम, त्याच बोटींचे तेच फोटो, फक्त आकडे वेगळे. तासाभरात आम्ही सहा ठिकाणी फिरलो, एकाच बोटीचे ११० डॉलरपासून १९० डॉलरपर्यंत भाव ऐकले, आणि शेवटी दमून १३० ला माणशी हो म्हणालो कारण त्या बाईंनी आम्हाला बसायला स्टूल दिलं. १३० डॉलर म्हणजे तेहतीस लाख डोंग. आम्ही उगाच तीनतीनदा 'तेहतीस लाख' म्हणून घेतलं.

बाईंना एक गोष्ट मात्र मी कागदावर लिहून द्यायला लावली, की एक माणूस शाकाहारी आहे. मी खाडीकाठचा, मला काहीही चालतं, पण बंधुराज शनिवार पाळतात आणि बोट शनिवारची. तिकडे शाकाहारीला 'आन चाय' म्हणतात. हा पठ्ठ्या पुढचे दोन दिवस भेटेल त्याला 'चाय, चाय' करत फिरला, आपल्या स्टेशनवर फिरतात तसा.

सकाळी आठला 'लिमोझिन' घ्यायला येणार असं तिकिटावर लिहिलेलं. आमच्या डोळ्यासमोर ती लांबलचक गाडी. आली ती नऊ सीटची व्हॅन, पण सीट खरंच मस्त, आपल्याकडच्या स्लीपर बसचा सगळा राग निघून जाईल अशा. तिकडे लिमोझिन म्हणजे ही असली व्हॅनच. पूर्वी म्हणे हानोईहून चार तास लागायचे, २०१८ मध्ये हायफोंग ते हालाँग एक्सप्रेसवे झाला तेव्हापासून अडीच तासात पोचतात. मध्ये एका भल्यामोठ्या दुकानाशी थांबवतात जिथे तुम्ही संगमरवराचा सिंह घ्यावा अशी अपेक्षा असते. पाठीवर सॅक घेऊन हिंडणारा माणूस सिंह कुठे ठेवणार, पण विचारतात.

हानोई सोडल्यापासूनच धुकं होतं. त्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये धड पाऊस नाही, धड ऊन नाही, अशी बारीक भुरभुर चालू असते, तिला ते 'मुआ फून' म्हणतात. थंडी सरत आली की वारा समुद्रावरची दमट हवा घेऊन येतो, किनाऱ्याजवळचं पाणी अजून गारच असतं, मग त्यावर ही हवा आली की धुकंच धुकं. कपडे वाळत नाहीत, डॉर्ममधला टॉवेल तिसऱ्या दिवशी वास मारायला लागतो. स्वच्छ बघायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, हे मला सगळ्यांनी परत आल्यावर सांगितलं.

तुआन चाऊच्या धक्क्यावर पोचलो साडेअकराला. मोठा हॉल, एसी, रांगेने खुर्च्या, शेदीडशे माणसं, प्रत्येकाच्या गळ्यात आपापल्या बोटीच्या रंगाचा बिल्ला. आणि बोटी सुटत नव्हत्या. धुकं जास्त असलं की बंदरखातं सोडतच नाही, परवानगी आल्याशिवाय दोरी सुटत नाही. गाइड, पंचविशीतला पोरगा, दर वीस मिनिटांनी येऊन 'अजून थोडं' म्हणायचा. बंधुराज वैतागले, 'अरे एवढं तर आमचे तांडेल डोळे मिटून जातील.' आमचे म्हणजे माझे, याचं सगळं आयुष्य कोथरूडमध्ये गेलंय. दीड तास बसलो. त्याच वर्षी जुलैमध्ये तिथेच अचानक आलेल्या वादळात एक टूरिस्ट बोट उलटली आणि तीसपेक्षा जास्त माणसं गेली. ती बातमी वाचली तेव्हा याचा मला फोन आला, बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, तो दीड तास बसवून ठेवलं ते बरं केलं रे.

गाइडने वेळ काढायला गोष्टी सांगितल्या. हा लाँग म्हणजे खाली उतरलेला ड्रॅगन. शत्रू आले तेव्हा ड्रॅगनने तोंडातून रत्नं टाकली, त्यांची बेटं झाली आणि जहाजं त्यांच्यावर आपटली. बेटं सरकारी मोजणीने १९६९, आणि त्यांचे राष्ट्रनेते हो ची मिन्ह वारले तेही १९६९ साली, हे तो डोळा मारून म्हणाला, मोजणाऱ्याने कुठे थांबायचं ते ठरवलं असेल असं त्याला सुचवायचं असावं. मग सप्टेंबर २०२४ मधल्या यागी वादळाचं निघालं, तेव्हा कितीतरी बोटी धक्क्याला बांधलेल्या जागीच बुडाल्या. हे सांगताना तो हसत नव्हता.

एकला परवानगी आली. लाइफ जॅकेट घालून छोट्या होडक्यातून मोठ्या बोटीकडे. आणि इथे पहिली गंमत, मोठी बोट दिसेचना. या खाडीतल्या टूरिस्ट बोटी आधी लाकडी रंगाच्या असायच्या, २०१२ मध्ये तिथल्या प्रांताच्या सरकारने फर्मान काढून सगळ्या पांढऱ्या रंगवायला लावल्या. पांढऱ्या धुक्यात पांढरी बोट. एकदम हात लावण्याइतक्या अंतरावर ती भिंतीसारखी समोर आली आणि होडक्यातल्या कुणीतरी 'ओह' केलं.

चढल्या चढल्या पासपोर्ट गोळा करून घेतात, रात्री राहणाऱ्यांची यादी बंदरखात्याला द्यावी लागते. बंधुराजांना पासपोर्ट सोडवत नव्हता, तो त्या टोपलीत सगळ्यात शेवटी पडला. मग किल्ल्या. केबिन छोटी पण नेटकी, दोन पलंग, खिडकी, खिडकीत पांढरं. टूथब्रशसुद्धा लाकडी दांड्याचा, कारण २०१९ पासून खाडीवरच्या बोटींवर एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिक बंद आहे.

जेवणाबद्दल जरा सविस्तर. तिसऱ्या (शिंपल्या), माकूल (स्क्विड), कोळंबी, एक अख्खा मासा, सगळं वाफवलेलं नाहीतर उकडलेलं. ना आमसूल, ना तिरफळ, ना खोबरं. पहिल्या घासाला मला त्या माशाची दया आली. सोबत एका वाटीत मीठ आणि मिरपूड, त्यात आपणच लिंबू पिळायचं आणि कालवून घ्यायचं. तिसऱ्या त्यात बुडवून खाल्ल्या आणि मी गप्प झालो, कारण गावाला आम्ही तिसऱ्यांचं जे काही करतो त्यात तिसऱ्यांची स्वतःची चव कधी कळलीच नव्हती. हे घरी बोललेलो नाही. बंधुराजांना टोमॅटोच्या रश्श्यातलं टोफू आलं. रात्री परत तेच. दुसऱ्या दिवशी त्यांचा शनिवार संपला होता पण किचनच्या यादीत ते अजून चायच होते, म्हणून परत तेच.

टेबलावर आम्ही आठजण होतो आणि कोणी किती दिले हा विषय निघायलाच नको होता. एक जर्मन पोरगा ९५. मेलबर्नचं एक जोडपं माणशी १८०. केबिन सगळ्यांच्या सारख्या. त्या बाई नंतर नवऱ्याशी बराच वेळ बोलल्या नाहीत.

बोट निघाली तेव्हा निघाली हे इंजिनाच्या आवाजावरून कळलं. डेकवर सगळे कॅमेरे घेऊन रांगेत उभे आणि समोर दुधात पाणी घातल्यासारखा रंग. मग अचानक त्यातून एक काळी सावली, वर झाडं लटकलेली, खालून खाल्लेली, सरकत सरकत जवळ येते आणि परत विरघळते. चुनखडीचे डोंगर आहेत ते. कोट्यवधी वर्षं पावसाने झिजले, मग समुद्र वर चढला आणि डोंगरांची बेटं झाली. पाण्याच्या पातळीला लाटांनी आणि पाण्याने दगड आत खाल्लाय, त्यामुळे प्रत्येक बेट बुडाशी बारीक आणि वर पसरट, भवऱ्यासारखं. दोन लाख डोंगच्या नोटेवर त्यातलंच एक छापलंय. बंधुराजांनी ती नोट धुक्यापुढे धरून फोटो काढला, एवढंच बेट स्पष्ट दिसतंय म्हणे.

सुंग सोट गुहेत धुक्याचा काही संबंध नव्हता, त्यामुळे तिथे पैसे वसूल. दगडी पायऱ्या चढून वर जायचं, आत एकापुढे एक मोठी दालनं. शाळेत भूगोलाच्या पेपरला 'अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ, फरक स्पष्ट करा' यायचं, मी तो दरवेळी उलटा लिहायचो, तो फरक तिथे उभं राहून एकदाचा स्पष्ट झाला. पण लाल-निळे-हिरवे दिवे सोडलेत, गणपतीच्या मांडवासारखे, आणि गाइड प्रत्येक दगडात कासव नाहीतर सिंह दाखवतो. एक उभा दगड आहे त्याच्यावर गुलाबी दिवा, तिथे सगळे गाइड खोकतात आणि पर्यटक हसतात. आपल्याकडे असता तर कधीच अभिषेक सुरू झाला असता.

तिथून ती तॉप बेट. नाव सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव्हचं, यानातून पृथ्वीची प्रदक्षिणा करणारा दुसरा माणूस, १९६२ मध्ये हो ची मिन्ह त्याला इथे घेऊन आले होते, खाली किनाऱ्यावर त्याचा पुतळा आहे. वर जायला चारशेच्या वर पायऱ्या, ओल्या, आणि खाली येणारा प्रत्येकजण चेहऱ्याने सांगत होता की वर काही नाही. तरी आम्ही गेलो. वर एक छत्री आहे, तिच्या कठड्याला टेकून तीसेक माणसं पांढऱ्याचे फोटो काढत होती. एक कोरियन काका बायकोला कठड्यापाशी उभी करून 'थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे' करत होते. मागे काहीच नसताना. मला ते फार आवडले.

खाली आलो तेव्हा पाच वाजले होते आणि इथे माझी खरी ट्रिप सुरू झाली. होडक्याची वाट बघत धक्क्यावर उभा होतो तर समोरच्या खडकावर पाण्याच्या वर पुरुष-दीड पुरुष ओला काळा पट्टा आणि त्याला कालवं चिकटलेली, खचाखच. म्हणजे सुकती, ओहोटी. पूर्ण लागलेली. बाकी लोक पुतळा बघत होते, मी आपला मनात हिशेब करत, की आता पाचला सुकती म्हणजे अकराला भरती, पहाटे पाचला परत सुकती, गावाला लहानपणापासून हेच गणित. छान वाटलं. एवढ्या लांब येऊन काहीतरी आपल्याला कळतंय असं.

रात्री बोट नांगरते ती ठरवून दिलेल्या जागीच, कुठेही नाही. आजूबाजूला वीसेक बोटी असाव्यात, दिसत नव्हत्या, नुसते पिवळे डाग. एका डागातून कराओके चालू होतं, कोणीतरी मनापासून आणि बेसूर. दहा वाजता ते थांबलं आणि मग जनरेटरची घरघर तेवढी राहिली, मधूनच कुठेतरी साखळी कण्हल्यासारखी वाजायची. धुक्यात आवाज कुठून येतोय ते कळत नाही. मागून वाटतो तो समोरून असतो.

मागच्या डेकवर पाण्यावर एक झगझगीत दिवा सोडलेला आणि बांबूच्या काठ्या ठेवलेल्या, माकूल गरवायला. दिव्याला बारकी मासळी येते, तिच्यामागे माकूल. मी सगळ्यांना आधीच सांगून बसलो होतो की मी कोकणातला, गरवायचं आम्हाला शिकवू नका. एक तास. काही नाही. जर्मन पोरगा झोपायला गेला, मेलबर्नवाले गेले, बंधुराज तर 'शनिवारी कसली हत्या' म्हणत आधीच गेले होते. मग किचनमधला एक माणूस हात पुसत आला, चाळिशीचा असेल, माझ्याकडे बघितलं, एक डोलीसारखं जाळं घेतलं, पाण्यात बघत थांबला आणि सपकन एक माकूल वर काढलं. दोन मिनिटांनी दुसरं. काठी फक्त टूरिस्टांसाठी आहे हे त्याने न बोलता सांगितलं.

त्याला इंग्रजी नाही, मला व्हिएतनामी नाही, फोनच्या ट्रान्सलेट ॲपवर सगळं. ॲप काय वाट्टेल ते बोलत होतं, मी मराठीत 'गरी' म्हणालो त्याचं त्याने काय केलं कोण जाणे, माणूस हसून हसून खाली बसला. तो तरंगत्या गावात जन्मलेला. खाडीत पिढ्यान्‌पिढ्या लोक पाण्यावरच राहायचे, पिंपांवर आणि लाकडांवर बांधलेली घरं, तिथेच मासे पाळायचे. २०१४ मध्ये सरकारने त्यांना जमिनीवर घरं देऊन हलवलं, पोरांना शाळा, पाणी, दवाखाना. मी विचारलं, घर बरं आहे का? त्याने बराच वेळ ॲपमध्ये बोलून माझ्यापुढे फोन धरला. स्क्रीनवर आलं: घर चांगले आहे. झोप येत नाही. घर हलत नाही. मी वर बघितलं तर तो माकूल साफ करत होता. बोटीवर महिन्यातले वीस-बावीस दिवस राहतो म्हणाला, झोप इथे पूर्ण होते. ती दोन माकुलं त्याने तव्यावर टाकून आणली, परत तेच लिंबू-मिरपूड. अकरा वाजले होते, भरती लागायला हवी होती. खडक दिसत नव्हते म्हणून तपासलं नाही.

सकाळी साडेपाचला जाग आली ती वल्ह्याच्या आवाजाने. डेकवर गेलो. काहीच दिसत नाही पण पाण्यावर चुबुक, चुबुक, आणि एक बाई काहीतरी ओरडतेय. आवाज जवळ येत येत एकदम खाली बोटीला लागूनच ती प्रकटली, होडीत वेफर्स, बिस्किटं, सिगारेटी, उभ्याने आणि पुढे तोंड करून वल्ही ढकलत. आपल्याकडे पाठ करून ओढतात, ही ढकलत होती, त्यामुळे जाते कुठे ते तिला दिसत तरी होतं. जे काही दिसत होतं ते. एक पाकीट घेतलं आणि मग लक्ष गेलं तर शेजारच्या बेटाचा काळा पट्टा गायब. पाणी पार खाल्लेल्या खाचेपर्यंत चढलेलं. पूर्ण भरती. पहाटे साडेपाचला, जेव्हा सुकती पाहिजे!

सहाला डेकवर ताई ची असते, गाइडच शिकवतो, मी त्याला तिथेच गाठलं. इथे भरती किती वाजता येते? म्हणाला, आत्ता. मग कालची? कालची काल आली. दिवसातून दोनदा ना? नाही, एकदा. मी म्हटलं अरे बाबा समुद्राला दोनदा भरती येते, जगात कुठेही. तो एक हात हवेत तसाच ठेवून म्हणाला, इथे एकदा. मागे दोन मावश्या वाट बघत उभ्या. त्याने मग इतिहास काढला, की जवळच्याच बाख दांग नदीच्या मुखाशी १२८८ मध्ये त्यांच्या सेनापतीने नदीच्या तळात टोकदार खांब ठोकले, भरतीला मंगोलांची जहाजं आत ओढून आणली, आणि ओहोटी लागली तशी जहाजं खांबांवर अडकली. त्याआधी ९३८ मध्ये चिन्यांवर हाच डाव. दिवसातून एकदाच भरती असली तर माणसाला पुरता एक दिवस अडकवता येतं, असं त्याचं म्हणणं. मला बोलायला काही राहिलं नाही, मी ताई ची केली.

नंतर वाचलं, तो बरोबर. हालाँग ज्यात येतं त्या टोंकिनच्या आखाताची ठेवणच अशी की तिथे दिवसाला एकच भरती आणि एकच ओहोटी, फरक तीन-चार मीटरपर्यंत जातो. आणि ती लहानमोठी होते ती आपल्यासारखी अमावास्या-पौर्णिमेच्या हिशेबाने नाही, चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला नाहीतर दक्षिणेला सरकलाय त्यावर. म्हणजे आमचं उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) तिथे कामाचं नाही.

नाश्त्यानंतर कयाक, हांग लुओनला. डोंगराला खालून एक बोगदा आहे, त्यातून आत गेलं की चारी बाजूंनी कडे आणि मध्ये गोल तळं. भरती असल्यामुळे छत अगदी डोक्यावर आलेलं, बंधुराज उंच, ते मान घालून गेले. आत धुकं वरून झाकणासारखं बसलेलं आणि इतकं शांत की वल्ह्यावरून गळणारे थेंब ऐकू येत होते. वर कुठेतरी माकडं भांडत होती. दहाएक मिनिटं आम्ही दोघंही बोललो नाही, जे तीन आठवड्यांत एकदाच घडलं.

परत आल्यावर साडेनऊला केबिन रिकामी करायची, बिअरचं बिल, पासपोर्ट परत, आणि मग बोट धक्क्याकडे निघाली की वेळ घालवायला स्प्रिंग रोलचा क्लास. तांदळाचं पापडासारखं पातळ पान भिजवायचं, त्यात सारण, गुंडाळी. माझ्या हाताला ते पान चिकटलं, सोडवायला गेलो तर दुसऱ्या हाताला. आणि तेवढ्यात खिडकीतून ऊन टेबलावर पडलं. एक सेकंद सगळे थांबले, मग खुर्च्या सरकवून सगळेच्या सगळे बाहेर, आचारी एकटाच आत.

होतं तिथे. रांगाच्या रांगा, एकामागे एक, जवळची हिरवी, मागची निळी, त्यामागची राखाडी, आणि मध्ये पांढऱ्या बोटी, इतक्या जवळ आणि इतक्या जास्त की आपण रात्रभर यांच्यामध्ये होतो यावर विश्वास बसेना. माझा फोन खिशात, हात असे. कोरियन काका बायकोचा फोटो काढत होते आणि यावेळी ती त्यांना डावीकडे-उजवीकडे सांगत होती. दहा मिनिटांत परत पडदा पडला. रोल माझे तळताना फुटले.

हानोईला पोचल्यावर घरी व्हिडिओ कॉल लावला. आईने फोटो बघितले, म्हणाली हे काय, नेट गेलंय का तुझं? मग आजी आली फोनवर. तिला भरतीचं सांगितलं, की आजी, तिकडे दिवसातून एकदाच भरती आणि एकदाच सुकती. ती जरा वेळ गप्प. आयुष्यभर खाडीत कालवं काढलेली बाई.

'एकदाच? आणि ती सुकती रात्रीची लागली तर बायकांनी कालवांना जायचं कधी?'